पाटणचा मठ आणि बलविचाराचा पहिला धडा

(१)

खानदेशांत चाळीसगांवच्या नैर्ऋत्येस सुमारें अठरा किलोमीटरांवर, सातमाळा डोंगराच्या पायथ्याशीं, पाटण हें जुनें स्थळ आहे. आज लोक तेथें चंडिकादेवीच्या दर्शनास जातात व त्या स्थानास पाटणादेवी म्हणतात. परंतु यादवांच्या काळीं तें निकुंभ कुळांतील मांडलिकांचें भरभराटीचें नगर होतें. तेथील महादेवाच्या देवळांत शके १०७५ चा निकुंभांचा लेख आहे. त्याहून अधिक महत्त्वाचा लेख भाऊ दाजी लाड यांनीं उजेडांत आणून १८६५ सालीं विद्वानांपुढें ठेविला. पुढें कीलहॉर्न यांनीं ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडांत (१८९२) तो साक्षेपानें संपादिला. प्रस्तुत लेखाचा विषय इतिहासाइतकाच शिक्षणाचा आहे. परंतु त्याचें मूळ या शिलालेखांत असल्यामुळें आरंभ तेथूनच करणें योग्य होईल.

लेखाचा मोठा भाग संस्कृत पद्यांत आहे. त्यांत यादव भिल्लम, जैत्रपाल व सिंघण यांचें आणि निकुंभ सोइदेव व हेमाडिदेव यांचें वर्णन करून पुढें शांडिल्य गोत्रांतील एका विद्वान् कुळाची वंशावळ दिली आहे. त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर व चंगदेव असा तो क्रम आहे. यांतील महेश्वराचा पुत्र भास्कर म्हणजेच ‘सिद्धांतशिरोमणि’कार भास्कराचार्य. लक्ष्मीधरास जैत्रपालानें याच नगरांतून नेऊन आपल्या पंडितांत अग्रस्थान दिलें. चंगदेव हा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी झाला. आपल्या आजोबांचे ‘सिद्धांतशिरोमणि’प्रभृति ग्रंथ व कुळांतील इतरांनीं रचिलेले ग्रंथ शिकविले जावेत, एवढ्यासाठीं चंगदेवानें पाटण येथें मठ स्थापिला. त्या मठास सोइदेवानें शके ११२८, प्रभव संवत्सरीं, श्रावणी पौर्णिमेस, चंद्रग्रहणाच्या पर्वकाळीं दान दिलें. ही तिथि ९ ऑगस्ट १२०७ या दिनांकाशीं जुळते. हा चंगदेव आणि तापी-पूर्णेच्या संगमाशीं ज्यांची कथा निगडित आहे ते योगी चांगदेव हे भिन्न होत. योगी चांगदेवांस परंपरा ज्ञानेश्वरांचे समकालीन मानते. ज्योतिषी चंगदेव त्यांच्या पाऊणशें वर्षें आधींचा आहे. नामसाम्यामुळें खानदेशांत या दोघांची गल्लत वारंवार होते, म्हणून हा खुलासा केला.

लेखाच्या अखेरच्या ओळी मात्र संस्कृतांत नसून त्या काळच्या मराठींत आहेत. कारण उघड आहे: वंशाची कीर्ति पंडितांनीं वाचावयाची होती, पण दानाच्या अटी बाजारांतील वाण्यास, तेल्यास व मापाऱ्यास कळावयास हव्या होत्या. पाटणच्या बाजारांत जो माल उघडेल त्यावर ग्राहकापासून राजास मिळणारा हक्क मठास दिला. ग्राहकानें पांच सुपाऱ्या द्याव्या. जेवढे घाणे चालतील तेवढ्या घाण्यांमागें पळी-पळी तेल द्यावें. आणि येथें जें कांहीं मापावयाचें तें मठाच्या मापानें मापावें, मापणावळीचा अर्धा वांटा मठाचा, अशा आशयाच्या त्या अटी आहेत.

यांतील शेवटची अट उत्पन्नासाठीं घातलेली होती यांत संशय नाहीं. तथापि गणिताच्या मठाकडे नगराचें माप सोंपविलें गेलें, ही गोष्ट सृष्टिविज्ञान शिकविणाऱ्यानें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. मोजल्यावांचून त्या शास्त्राचें पहिलें पाऊलही पडत नाहीं.

(२)

आतां त्या मठांत शिकविल्या जाणाऱ्या मुख्य ग्रंथाकडे वळूं. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ (इ. स. १११४) मधील. वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें त्यांनीं ‘सिद्धांतशिरोमणि’ रचिला व त्यावर ‘वासनाभाष्य’ ही आपलीच टीका लिहिली. वासना म्हणजे उपपत्ति. नियम सांगून न थांबतां तो कां खरा, हें शिष्यास पटवून देण्याची त्यांची हौस या ग्रंथांत पानोपानीं दिसते. त्यांचें गांव विज्जडविड नक्की कोठें, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे व पाटणच्या बाजूनेंही पुष्कळ बोललें गेलें आहे. प्रस्तुत विवेचन त्या वादावर अवलंबून नाहीं. ग्रंथ पाटणास शिकविला जावा म्हणून मठ निघाला, एवढें आपल्यास पुरे.

गोलाध्यायांतील भुवनकोशांत पृथ्वीच्या आधाराचा प्रश्न आहे. तेथील विचाराची मांडणी शिक्षकानें अभ्यासावी अशी आहे. पृथ्वीस कोणी मूर्त आधार आहे असें मानलें, तर त्या आधारास दुसरा आधार, त्यास तिसरा, अशी अनवस्था येते. शेवटच्या आधारास आपल्याच सामर्थ्यानें राहतो असें म्हणावें लागतेंच, तर मग तें सामर्थ्य पहिल्यानेंच पृथ्वीच्या ठायीं कां मानूं नये? ही पहिली पायरी. दुसरी पायरी अशी कीं, पृथ्वीच्या ठिकाणीं आकर्षण करण्याची शक्ति आहे. आकाशांतील जड पदार्थ ती आपल्याकडे ओढते व आपल्यास मात्र तो पदार्थ ‘पडला’ असें वाटतें. सभोंवतीं सर्वत्र आकाश सारखेंच असल्यामुळें स्वतः पृथ्वीनें कोणीकडे पडावें? तिसऱ्या पायरीवर, पृथ्वी सतत खालीं पडत आहे म्हणणाऱ्यांस उत्तर आहे: पृथ्वी खालीं जात असती तर वर फेंकलेला जड पदार्थ पुन्हा तिच्यावर येऊन पडतांना दिसला नसता. शेवटीं, पृथ्वीच्या पलीकडील बाजूस राहणाऱ्या माणसांची काळजी करणाऱ्यास पाण्याच्या कांठीं उभ्या असलेल्या मनुष्याच्या प्रतिबिंबाचा दाखला देऊन सांगितलें आहे कीं, तेही आपल्यासारखेच निर्धास्त आहेत.

या चार पायऱ्यांत ‘खालीं’ या शब्दाचा अर्थच पालटला. अवकाशांतील एखादी ठराविक दिशा म्हणजे खालीं, ही समजूत जाऊन पृथ्वीच्या मध्याकडे जी दिशा ती खालीं, हें ज्ञान आलें. बालकाच्या बुद्धीस हा पालट सोपा नाहीं. पृथ्वीगोलावर पलीकडे बाहुली चिकटवून ‘ही पडेल काय?’ असें विचारावें. पृथ्वी गोल आहे हें वाक्य बिनचूक म्हणणारीं मुलेंही ‘पडेल’ म्हणतात. म्हणून बलविचाराचा पहिला धडा व्याख्येनें न उघडतां भास्कराचार्यांच्या या प्रश्नानें उघडावा, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे.

भास्कराचार्य या विचाराचे पहिले कर्ते नव्हत, हेंही येथेंच नमूद केलें पाहिजे. वराहमिहिरानें ‘पंचसिद्धांतिके’त तारकांच्या पिंजऱ्यांत राहिलेल्या पृथ्वीस लोहचुंबकांच्या मध्यें राहिलेल्या लोखंडाची उपमा दिली आहे, आणि ब्रह्मगुप्तानें पदार्थ पृथ्वीकडे येणें हा तिचाच स्वभाव मानिला आहे. भास्कराचार्यांचा विशेष मांडणींत आहे. त्यांनीं विखुरलेलें एकत्र करून शिष्यास चढतां येईल अशा क्रमानें लाविलें.

(३)

यापुढें मात्र सावधपणें चाललें पाहिजे. ‘न्यूटनच्या पांचशें वर्षें आधीं भास्कराचार्यांनीं गुरुत्वाकर्षणाचा नियम सांगितला’ हें वाक्य सभांतून व शाळांतून नित्य ऐकूं येतें. तें म्हणणाऱ्यांचा हेतु चांगला असतो; परंतु त्यामुळें विद्यार्थ्याचें दुहेरी नुकसान होतें. न्यूटननें काय केलें तें त्यास कळत नाहीं, आणि भास्कराचार्यांनीं काय केलें तेंही कळत नाहीं.

नियम म्हणजे परिमाण. किती अंतरावर किती ओढ, हें सांगितल्याशिवाय आकर्षणाचा विचार नियमाच्या पदवीस पोंचत नाहीं. भास्कराचार्यांनीं तें सांगितलेलें नाहीं. शिवाय त्यांचें आकर्षण पृथ्वीचें आहे व तें जड पदार्थांपुरतें आहे. चंद्र व ग्रह यांस त्यांनीं तें लाविलें नाहीं. प्रवह वायु सर्व ज्योतिश्चक्र पश्चिमेकडे फिरवितो आणि ग्रह आपापल्या कक्षेंत पूर्वेकडे चालतात, ही परंपरागत व्यवस्था त्यांनीं स्वीकारिली.

येथें एक गोष्ट अशी आहे कीं ती जाणणाऱ्यास चुटपुट लागल्यावांचून राहत नाहीं. ‘सिद्धांतशिरोमणी’त पृथ्वीचा व्यास १५८१ योजनें व चंद्राचें मध्यम अंतर ५१,५६६ योजनें दिलें आहे. भागाकार केला तर चंद्र सुमारें ६५ भूत्रिज्यांवर येतो. अर्वाचीन मापानें तें अंतर सुमारें ६० भूत्रिज्या आहे. म्हणजे चंद्राचें अंतर आचार्यांच्या हातीं होतें. दुसरें असें कीं, ग्रहाची तात्कालिक गति, म्हणजे दिवसभराची सरासरी न घेतां त्या-त्या क्षणाची गति, काढण्याची रीति त्यांनीं दिली आहे. त्यांच्या आधीं मुंजालाच्या ‘लघुमानसां’त (शके ८५४) तिचा उगम दिसतो, परंतु चंद्राची गति झपाट्यानें बदलत असल्यामुळें त्याच्यासाठीं ही सूक्ष्म गतीच घेतली पाहिजे, आणि जेथें फल परम होतें तेथें त्याची वाढ शून्य होते, हें आचार्यांनीं स्पष्ट सांगितलें आहे. बापूदेवशास्त्री यांनीं १८५८ सालीं या रीतीकडे पाश्चात्य गणितज्ञांचें लक्ष वेधलें तेव्हां स्पॉटिसवुड यांनीं साम्य मान्य केलें, मात्र अत्यल्प राशीची कल्पना त्यांत स्पष्ट नाहीं असा आक्षेप घेतला. तो वाद जाणत्यांनीं पाहावा.

आकर्षण, चंद्राचें अंतर व क्षणाची गति, हीं तिन्ही एकाच ग्रंथांत आहेत. नाहीं ती त्यांस जोडणारी एक कल्पना: बलाचें कार्य गति देणें किंवा टिकविणें हें नसून ती पालटणें हें आहे. ती कल्पना गॅलिलिओच्या १६३८ मधील ग्रंथांत तयार होतांना दिसते व न्यूटनच्या १६८७ मधील ‘प्रिन्सिपिया’ ग्रंथांत पूर्ण रूपास येते. न्यूटननें विचारिलें कीं, दगड पडतो तर चंद्र कां पडत नाहीं? आणि उत्तर दिलें कीं, तोही पडतच आहे. पृथ्वीच्या पृष्ठावर मोकळा सोडलेला दगड पहिल्या सेकंदांत ४.९ मीटर पडतो. चंद्र साठपट दूर. साठाचा वर्ग ३६००. ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत घटत असेल तर चंद्र एका सेकंदांत ४.९ मीटरांचा ३६०० वा भाग, म्हणजे सुमारें १.४ मिलिमीटर, सरळ रेषा सोडून पृथ्वीकडे वळला पाहिजे. तो तितकाच वळतो. पुढें जाण्याची त्याची गति व हें वळणें मिळून त्याची वर्तुळाकार वाट होते. हा भागाकार दहावींतील मुलास करतां येतो, आणि तो स्वतः केल्यावर गुरुत्वाकर्षण हा शब्द त्याच्यापुरता नुसता शब्द राहत नाहीं.

(४)

बल व गति यांचा संबंध पूर्वीं कसा समजला जात होता, हें आमच्या दर्शनांत नीट पाहावयास मिळतें. वैशेषिक सूत्रांचा पांचवा अध्याय कर्माविषयीं, म्हणजे हालचालीविषयीं, आहे. तेथें पतनाचें कारण गुरुत्व असें सांगून, देंठाशीं असलेला संयोग सुटतांच फळ पडतें यासारख्या गोष्टींची उपपत्ति लाविली आहे. धनुष्यापासून सुटलेल्या बाणाचें पहिलें कर्म नोदनानें, म्हणजे ढकलण्यानें, होतें; त्या कर्मापासून बाणांत वेग नांवाचा संस्कार उत्पन्न होतो; तो संस्कार बाणास पुढें नेतो; आणि संस्कार संपला कीं गुरुत्वामुळें बाण खालीं येतो. प्रशस्तपादांनीं हा विचार विस्तारानें मांडला, आणि ‘तर्कसंग्रह’ शिकणाऱ्या प्रत्येक पाठशाळेंतील विद्यार्थ्यास गुरुत्व व वेग हे दोन्ही गुण परिचित असत. सहाव्या शतकांत फिलोपोनस व युरोपांत चवदाव्या शतकांत बुरिदान यांनींही याच वळणाचा विचार मांडला होता.

आतां नववीच्या वर्गांत जाऊन विचारावें: ‘वर फेंकलेला चेंडू हातांतून सुटून वर जात आहे, या क्षणीं त्यावर कोणकोणतीं बलें आहेत?’ बहुतेक मुलें उत्तर देतात कीं, हातानें दिलेलें बल त्यास वर नेत आहे व तें संपलें कीं गुरुत्वाकर्षण त्यास खालीं आणील. प्रस्तुत लेखकानें अनेक वर्षें हा प्रश्न विचारिला व अनेक वर्षें हेंच उत्तर ऐकिलें. तें ऐकून पुष्कळ शिक्षक मुलास मंदबुद्धि ठरवितात. वस्तुतः तें मूल कोणी न शिकवितां प्रशस्तपादांच्या जवळ जाऊन पोंचलेलें असतें. जो सिद्धांत मोठमोठ्या पंडितांस शेंकडों वर्षें समाधानकारक वाटला तो चवदा वर्षांच्या मुलास वाटला तर त्यांत हंसण्यासारखें काय आहे? इतिहासाच्या अभ्यासाचा शिक्षकास हा प्रत्यक्ष लाभ आहे. मुलाची चूक ही अज्ञानाची पोकळी नसून एक पूर्ण उभारलेलें घर आहे, हें त्यास समजतें. आणि त्या घरांतून मुलास बाहेर आणावयाचें तर दार कोठें आहे तें आधीं पाहावें लागतें.

तें दार भास्कराचार्यांच्या तात्कालिक गतींत आहे. सेकंदास ९.८ मीटर या वेगानें दगड सरळ वर फेंकला असें समजूं. हवेचा विरोध सोडून दिला तर एका सेकंदाच्या अखेरीस तो ४.९ मीटर उंचीवर असतो व त्याचा त्या क्षणाचा वेग शून्य असतो; आणखी एका सेकंदानें तो ९.८ याच वेगानें हातांत परत येतो. वर जातांना प्रत्येक सेकंदास वेगांत जेवढी घट होते, उतरतांना तेवढीच वाढ होते. माथ्यावर, जेथें वेग क्षणभर शून्य आहे, तेथेंही पालट तोच चालू असतो. वेग तिन्ही ठिकाणीं निराळा असून पालट एकच आहे. तेव्हां कारणही तिन्ही ठिकाणीं एकच असलें पाहिजे. तें कारण म्हणजे पृथ्वीची ओढ. हाताचें बल हात सुटतांच संपलें. दगडाजवळ उरली ती गति, आणि ती टिकण्यास बल लागत नाहीं. हें एकदां मनांत उतरलें कीं न्यूटनचा पहिला व दुसरा हे दोन्ही नियम घोकण्याची गरज राहत नाहीं.

(५)

या मार्गानें शिकविण्याचा प्रयोग पूर्वीं एकदां झालेला आहे. भोपाळजवळ सिहोर येथें इंग्रजांचा राजकीय अधिकारी लान्सिलट विल्किन्सन यानें १८३० नंतरच्या दशकांत तेथील पाठशाळेंत भास्कराचार्यांचे ग्रंथ मुख्य पाठ्य म्हणून चालविले, आणि देशी विद्यार्थ्यांस अर्वाचीन ज्योतिषाकडे नेण्यास सिद्धांतग्रंथ हाच उत्तम पूल आहे, असें १८३४ सालीं एका निबंधांत प्रतिपादिलें. त्याच्या मंडळांतील सुबाजी बापू यांनीं १८३६ सालीं ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हें पुस्तक मराठींत लिहिलें व त्यांत पुराणांचें, सिद्धांतांचें व कोपर्निकसाचें अशीं तिन्ही मतें समोरासमोर ठेविलीं. महाराष्ट्रांत जन्मलेले बापूदेवशास्त्री हे सिहोरास शिकून पुढें काशीच्या संस्कृत महाविद्यालयांत अध्यापक झाले. विल्किन्सनचें गोलाध्यायाचें इंग्रजी भाषांतर त्यांनींच तपासून दिलें व तें १८६१ सालीं कलकत्त्यास छापलें गेलें. सुबाजींची भूमिका नीट पाहावी. भास्कराचार्यांस त्यांनीं पायरी केलें: पुराणापासून वर चढण्यासाठीं एक पायरी, आणि तेथून आणखी वर चढण्यासाठींही तीच. पायरीस नमस्कार करून तेथेंच बसावें, असें त्यांनीं सांगितलें नाहीं.

महाराष्ट्रांत केरो लक्ष्मण छत्रे यांनीं मराठी शाळांसाठीं अंकगणित व पदार्थविज्ञान यांवर पुस्तकें लिहिलीं, आणि कोल्हापुरास बाळाजी प्रभाकर मोडक यांनीं सृष्टिशास्त्राच्या अनेक शाखा मराठींत आणिल्या. धुळ्याच्या ट्रेनिंग कॉलेजांत कांहीं काळ शिकविणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ (१८९६) या ग्रंथांत जुन्या आचार्यांचें श्रेय त्यांस देतांना एक मापही अधिक घातलें नाहीं, हा त्यांचा गुण खानदेशच्या शिक्षकांनीं विशेषेंकरून घ्यावा.

या पुस्तकांबरोबर परिभाषेचा प्रश्न आला व तो बलविचाराच्या मुळाशीं जातो. मराठी विश्वकोशाच्या भौतिकीवरील नोंदींत ‘प्रेरणा’ हा शब्द ज्या अर्थीं येतो त्याच अर्थीं पाठ्यपुस्तकांत ‘बल’ हा शब्द रूढ झाला. बल हा शब्द सुटसुटीत आहे. पण लोकभाषेंत बळ अंगांत असतें, साठतें, खर्च होतें व संपतें. मूल जेव्हां म्हणतें कीं चेंडूंतलें बल संपलें, तेव्हां तें शास्त्राच्या विरुद्ध आणि भाषेला धरून बोलत असतें. प्रेरणा ही दुसऱ्याकडून यावी लागते, हा त्या शब्दाचा फायदा होता. वेग या शब्दाचेंही तसेंच आहे. दर्शनांत तो पदार्थास पुढें नेणारा संस्कार आहे, पाठ्यपुस्तकांत तें दिशेसह मोजलेल्या चालीचें परिमाण आहे. आणि आचार्यांच्या आकृष्टिशक्तींतील ‘शक्ति’ आज कार्याच्या दराचें नांव झाली आहे. रूढ झालेले शब्द आतां बदलूं नयेत. मात्र शिक्षकानें पहिल्याच दिवशीं सांगावें कीं शास्त्रांतील बल कोणाच्या अंगांत नसतें, तें दोन पदार्थांच्या मध्यें असतें. पृथ्वी दगडास जितकें ओढते तितकेंच दगड पृथ्वीस ओढतो. २०१६ सालीं निघालेल्या सहावीच्या पुस्तकांत स्नायूंचें, चुंबकाचें, घर्षणाचें अशी बलांची यादी दिली आहे; ती पाठ करून घेण्याआधीं ‘कोणाचें कोणावर?’ हा प्रश्न प्रत्येक नांवाशीं विचारावा.

(६)

उदाहरणें दूरचीं आणण्याचें कारण नाहीं. शिलालेखांतील घाणाच घ्या. बैलानें लांब लाकडाच्या टोंकास ओढावें व आंत बिया चिरडाव्या, यांत बल व त्याचें टेकूपासूनचें अंतर या दोहोंचा गुणाकार कसा काम करतो तें मुलास दिसतें. लाकूड अर्धें केलें तर बैलास दुप्पट ओढावें लागेल, हें तें स्वतः सांगतें. मोट आतां बहुतेक विहिरींवरून गेली, परंतु तिची धाव उतरती कां असे, हा प्रश्न गेलेला नाहीं. भरलेली मोट वर येते त्या वेळीं बैल उतरणीवरून चालतात, म्हणून त्यांचें वजनही ओढण्याच्या कामीं लागतें. पृथ्वीच्या ओढीविरुद्ध पाणी वर आणण्यास पृथ्वीचीच ओढ वापरण्याची ही युक्ति आहे. तराजू व ताणकाटा यांतील भेदही येथेंच सांगावा. तराजू दोन वस्तूंची तुलना करतो, त्यामुळें चंद्रावर नेला तरी त्याचा निवाडा पालटत नाहीं. ताणकाटा ओढ मोजतो, म्हणून तेथें तो सुमारें सहावा हिस्साच दाखवील. वस्तुमान व वजन यांची ओळख यापेक्षां सोप्या रीतीनें होणार नाहीं.

भास्कराचार्यांच्या यंत्राध्यायांत आपोआप फिरणाऱ्या चक्राचें वर्णन आहे. हलक्या लांकडाच्या चाकाच्या किंचित् वांकड्या पोकळ आऱ्यांत अर्धा-अर्धा पारा भरून तें आंसावर बसविलें कीं स्वतः फिरूं लागतें, असें ते सांगतात. असें चाक सतत फिरत नाहीं. एका बाजूस पारा आंसापासून दूर जातो हें खरें, पण दुसऱ्या बाजूस जवळ असलेला पारा प्रमाणानें अधिक राहतो, दोन्हीकडील फिरविण्याची प्रवृत्ति समतोल होते व घर्षणानें चाक थांबतें. ही गोष्ट वर्गांत लपवूं नये. कागदावर आरे काढून, प्रत्येक आऱ्यांतील पाऱ्याचें वजन व आंसापासूनचें आडवें अंतर यांचा गुणाकार मुलांकडून करवावा व दोन्हीकडील बेरजा ताडून पाहाव्या. ज्या आचार्यांनीं उपपत्तीशिवाय कांहीं स्वीकारूं नये असें शिकविलें, त्यांच्याच यंत्राची उपपत्ति तपासणें हा त्यांचा अनादर नव्हे.

चाळीसगांव तालुक्यांतील शाळांच्या सहली पाटणास जातात. मुलें देवीचें दर्शन घेतात, देऊळ पाहतात, भास्कराचार्यांचें नांव ऐकतात व परत येतात. शिक्षकबंधूंस विनंती इतकीच कीं, बरोबर एक ताणकाटा, एक फूटपट्टी, एक नाणें व नाण्याहून किंचित् लहान कापलेली कागदाची चकती न्यावी. देवळाच्या आवारांत नाणें व चकती आधीं निरनिराळीं टाकावीं. मग चकती नाण्यावर ठेवून दोन्ही एकत्र सोडावीं. पहिल्या खेपेस कागद मागें राहतो, दुसऱ्या खेपेस दोन्ही बरोबर जमिनीवर येतात. जड वस्तु लवकर पडते, ही समजूत तेथें आपण होऊन डळमळते, कारण कागदास मागें ठेवणारी हवा होती हें मुलें स्वतः ताडतात. नंतर पृथ्वीच्या आधाराचा प्रश्न काढावा, व त्यानंतर चेंडू वर फेंकून दुसरा. उत्तरें घाईनें सांगूं नयेत. मुलांस आपसांत भांडूं द्यावें. बाराशें सात सालीं तेथील मठास राजानें जें दान दिलें तें याच कामासाठीं होतें, आणि जें मापावयाचें तें मठाच्या मापानें मापावें ही अट तर मराठींतच लिहून ठेविली आहे.